लेथला रंग कोणता? शाहूपुरी, शेंदूर आणि यंत्रांच्या रंगांचा इतिहास

१/
खंडेनवमी जवळ आली की कोल्हापुरातील वर्कशॉपांत एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. मशीन पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायची, हे ठरलेलेच. परंतु ज्या लेथचा रंग तेलाने आणि कूलंटने सोलून निघाला आहे, त्याला पूजेआधी नवा रंग द्यायचा झाल्यास तो कोणता? राखाडी, हिरवा की निळा? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या निवडीमागे दोन शतकांचा इतिहास उभा आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
प्रारंभ शाहूपुरीपासून करू. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी रेल्वे स्टेशनच्या परिसरात नवी व्यापारपेठ वसवली, तीच शाहूपुरी. गुळाचा व्यापार हा या पेठेचा कणा. पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस, गावोगावची गुऱ्हाळे आणि माल बाहेर नेणारी आगगाडी या तिघांच्या संगमावर ही पेठ उभी राहिली.

३/
गुळाचा आणि लेथचा संबंध काय? उसाचा रस काढायला चरक लागतो. लाकडी चरक गेले, लोखंडी आले. बैल गेले, ऑइल इंजिन आले. लोखंडी चरकाचे रूळ झिजतात, दाते तुटतात, इंजिनाचे भाग बदलावे लागतात. ही कामे करायची तर ओतकामाची भट्टी हवी आणि लेथ हवा. शेतीची निकड अशी यंत्रकामाकडे वळली. शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत कोल्हापूरची ओळख पोहोचली, तिच्या मुळाशी ही निकड आहे.

४/
लेथ हे कातकामाचे यंत्र. धातूचा तुकडा फिरतो, हत्यार स्थिर राहून त्याला आकार देते. लेथचे अंग बहुधा बिडाचे असते. बीड कंप शोषून घेते, म्हणून ते या कामाला उत्तम. परंतु साच्यातून निघालेला त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि उघडा ठेवल्यास गंजतो. म्हणून आधी अस्तर, मग खड्डे बुजवणारी लांबी, ती घासून सपाट केल्यावर रंग, असा क्रम पडला. बेडचे सरकमार्ग, मोजमापाच्या खुणा आणि तेलाची छिद्रे मात्र रंगापासून कटाक्षाने दूर ठेवावी लागतात.

५/
या थरांतला सर्वांत खालचा थर मराठी माणसाला अपरिचित नाही. मारुतीच्या मूर्तीवर परंपरेने तेलात कालवून चढवला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचा एक ऑक्साइड. जवसाच्या तेलात घोटलेला हाच पदार्थ जगभर लोखंडी पुलांना, जहाजांना आणि यंत्रांना गंजरोधक अस्तर म्हणून लावला गेला. देवळातल्या दगडावर तो श्रद्धेचा रंग, लोखंडावर तो संरक्षणाचा. त्याची दुसरी, घातक बाजू या धाग्यात पुढे येईल.

६/
आता वरच्या रंगाकडे. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ली याने आटे कापणारा अचूक धातूचा लेथ घडवला आणि आधुनिक यंत्रयुगाला पाया मिळाला. त्या शतकातील कारखाना डोळ्यांपुढे आणावा: छताला फिरणारा लांब दांडा, त्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे, कोळशाचा धूर, दिव्यांचा मंद उजेड आणि सर्वत्र तेल. अशा ठिकाणी रंगाकडून एकच अपेक्षा होती. त्याने मळ झाकावा. म्हणून काळा आणि गडद हिरवा हे रंग चालले.

७/
काळ्यातही प्रकार होते. डांबरवर्गीय पदार्थापासून केलेला, भट्टीत तापवून कडक होणारा ‘जपान ब्लॅक’ त्यांत अग्रणी. जपानी लाखकामाची नक्कल म्हणून त्याला हे नाव पडले. घरोघरच्या जुन्या सिंगर शिलाई मशीनची काळी झळाळी याच घराण्यातली. फोर्डची मॉडेल टी मोटार १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. टिकाऊ आणि स्वस्त असा रंग मोठ्या उत्पादनाला सोयीचा होता.

८/
गडद हिरव्याची कथा अधिक रंजक आहे. ब्रन्सविक ग्रीन नावाने ओळखला जाणारा हा रंग क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू यांच्या मिश्रणातून तयार होई. ब्रिटिश रेल्वे इंजिनांवर तो दीर्घकाळ दिसला. त्यातला प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये गवसला. हाच निळा फिटरच्या हाती ‘मार्किंग ब्लू’ म्हणून आला: सपाट पट्टीला तो लावून बेडवर फिरवला की उंचवटे निळे होतात आणि नेमके तेवढेच खरवडता येतात. म्हणजे यंत्राच्या अंगावर आणि यंत्राच्या तपासणीत एकच रंगद्रव्य राबत होते.

९/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राखाडीचे राज्य आले. अमेरिकेत तर ‘मशीन टूल ग्रे’ हे नावच रूढ झाले. कारणे व्यवहारी होती. राखाडी रंग काळ्या-पांढऱ्या रंगद्रव्यांतून स्वस्तात बनतो. डाग पडल्यास जुळवून घेता येतो. आणि बिडावरच्या लांबीत राहिलेले उंचसखल भाग तो चकचकीत काळ्याइतके उघडे पाडत नाही. वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली यंत्रे एका रांगेत उभी केली, तरी ती विजोड दिसत नाहीत, हाही एक लाभ.

१०/
याच सुमारास दोन बदल घडले. पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांना स्वतंत्र विजेच्या मोटारी बसू लागल्या आणि कारखान्यात विजेचे दिवे आले. दुसरीकडे १९२३ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीचा ‘ड्युको’ हा झपाट्याने वाळणारा रंग बाजारात आला आणि काळ्याखेरीज अन्य रंग वापरणे मोठ्या उत्पादनालाही परवडू लागले. मळ झाकणे हा उद्देश मागे पडला. आता प्रश्न असा होता की कामगाराला काम नीट दिसते का?

११/
या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियागृहातला पांढरा रंग काढून हिरवा आणला. पांढऱ्या भिंतींची चकाकी डोळ्यांना दिपवते आणि लाल रक्तावरून नजर वर उचलली की डोळ्यांपुढे हिरवट प्रतिमा तरळते. पार्श्वभूमीच हिरवी केली तर ही प्रतिमा तीत विरून जाते. जे शल्यविशारदाच्या डोळ्यांना लागू, ते तासन्‌तास चकाकणाऱ्या पोलादाकडे पाहणाऱ्या टर्नरच्या डोळ्यांना का लागू नसावे?

१२/
अमेरिकेचे रंगतज्ज्ञ फेबर बिरेन यांनी हा विचार कारखान्यात नेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ड्युपॉन्टसारख्या कंपन्यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला: यंत्राच्या अंगाला मध्यम राखाडी किंवा फिकट हिरवा, आणि प्रत्यक्ष कापणी चालते त्या भागाभोवती उजळ बदामी. नजर आपोआप कामाकडे वळावी, हा हेतू. हिरव्याच्या ‘शांत’ गुणांविषयीचे दावे पुढे बरेच ताणले गेले. परंतु चकाकी कमी असावी आणि काम पार्श्वभूमीपासून वेगळे दिसावे, हे दोन मुद्दे आजही टिकून आहेत.

१३/
युद्धाने रंगाला आणखी एक काम दिले: इशारा. कारखान्यांत नवखे कामगार मोठ्या संख्येने आले आणि अपघात टाळण्याची निकड वाढली. १९४५ मध्ये अमेरिकेत धोक्याच्या जागा ओळखण्यासाठी रंगांचे प्रमाण ठरले. आज यंत्र तात्काळ थांबवण्याचे बटण लाल आणि त्यामागची पट्टी पिवळी असते, ही परंपरा त्याच विचारातली. यंत्राचे अंग आता सौम्य हवे होते, कारण अंगच भडक असेल तर इशाऱ्याचा लाल त्यात हरवतो.

१४/
रंगांना क्रमांक मिळाले, तेही याच अर्धशतकात. जर्मनीत १९२५ मध्ये ‘राल’ संस्था स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने ४० रंगांचा पहिला संच प्रसिद्ध केला. त्या घराण्यातला ‘६०११ रेसेडा हिरवा’ पुढे युरोपीय यंत्रांची जणू ओळख बनला. आपल्याकडे त्याला शेवाळी म्हणता येईल. क्रमांकामुळे ‘थोडा हिरवट, थोडा राखाडी’ हा वाद मिटला. शेकडो मैल दूर असलेल्या दोन कारखान्यांना एकच छटा मिळू लागली.

१५/
भारताने क्रमांक घेतले ते ब्रिटिशांकडून. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. रंगांच्या छटांसाठीचे तिचे प्रमाण म्हणजे ‘आयएस ५’. हा पाच क्रमांकच सांगतो की रंगांचा विषय संस्थेने किती आधी हाती घेतला. त्यातला ६३१ म्हणजे लाइट ग्रे आणि ६३२ म्हणजे डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे. अ‍ॅडमिरल्टी म्हणजे ब्रिटिश आरमाराचे मुख्यालय. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे उभ्या असलेल्या यंत्रावर युद्धनौकांच्या रंगाचे नाव आले ते असे.

१६/
मराठी मुलखाच्या यंत्रउद्योगात रंगाची एक विलक्षण कथा आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना उमगले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांनी चित्रकला सोडली, यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत तेच शिकवू लागले. रंगाने दार बंद केले म्हणून ते लोखंडाकडे आले.

१७/
पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे: बेळगावातील सायकलचे दुकान, लोखंडी नांगर, १९१० मध्ये औंध संस्थानात वसवलेली किर्लोस्करवाडी. १९४१ मध्ये हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ कंपनी सुरू झाली आणि तिचे लेथ देशभरातील वर्कशॉपांत पोहोचले. रंगांध माणसाने सुरू केलेल्या परंपरेतले हे लेथ. त्यातून एक बोध निघतो. लाल-हिरव्या रंगांचा गोंधळ पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. म्हणून धोक्याची खूण रंगाबरोबरच आकाराने, जागेने आणि उजळपणाच्या फरकानेही कळली पाहिजे. थांबण्याचे बटण मोठे आणि छत्रीच्या आकाराचे असते, त्याचा येथेही उपयोग होतो.

१८/
रंग मात्र बराच काळ बाहेरून येत होता. १९०२ मध्ये कलकत्त्याजवळ हावडा येथे शालिमार पेंट्सचा कारखाना निघाला, तरीही आयातीचे वर्चस्व राहिले. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली आणि १९४२ मध्ये मुंबईत चार तरुण मित्रांनी एशियन पेंट्सची स्थापना केली. १९५३ मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान मशीन टूल्स अर्थात एचएमटी ही सरकारी कंपनी, स्वित्झर्लंडच्या अर्लिकॉनच्या सहकार्याने, उभी राहिली. यंत्रही देशी आणि त्यावरचा रंगही देशी, हे चित्र स्वातंत्र्याच्या आगेमागे असे साकार होत गेले.

१९/
आता हा सारा इतिहास एका लेथवर पाहू. साठ-सत्तर वर्षे चाललेल्या आणि दोन-तीन मालकांकडून फिरलेल्या यंत्रावर रंगांचे अनेक पापुद्रे साठलेले असतात. मशीनवरची नावपट्टी, गिअर-कव्हरची आतली बाजू, मोटारीमागचा कोपरा या जागा रंगाऱ्याच्या ब्रशपासून बहुधा सुटतात. तेथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हळूहळू घासली, की झाडाच्या खोडातील वलयांसारखी रंगांची कडी दिसू लागतात. बाहेरचे कडे सर्वांत नवे; मधले, लांबी-अस्तराला टेकलेले, कारखान्यातले मूळ.

२०/
या कड्यांत कागदोपत्री कुठेही न नोंदलेला इतिहास असतो. तळाशी गडद हिरवा निघाला, तर यंत्र जुन्या पिढीतले असण्याची शक्यता वाढते. एखाद्याच भागावर वेगळे थर आढळले, तर तो भाग दुसऱ्या यंत्रावरून आलेला असू शकतो. भंगारातून उचललेला, जोडजंतर करून पुन्हा उभा केलेला लेथ आपली कुळकथा अशी सांगतो. वर्कशॉपांची दप्तरे क्वचितच जपली गेली आहेत. त्यामुळे हे पापुद्रे हीच काही ठिकाणी उरलेली साधने. एका दुपारी ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावला, की ती कायमची जातात.

२१/
आणि जाताना ती श्वासात जातात, ही अधिक गंभीर बाब. अस्तरातला शेंदूर शिशाचा. जुन्या क्रोम यलोत आणि त्यापासून बनलेल्या हिरव्यातही शिसेच. कोरडे घासल्यास त्याची धूळ उडते, गॅसच्या ज्योतीने जाळल्यास धूर होतो, दोन्ही घातक. भारतात रंगातील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंगांना नाही. म्हणून जुना थर ओलाच घासावा, योग्य मास्क लावावा, हात धुतल्याशिवाय चहाला बसू नये आणि निघालेला गाळ गटारात सोडू नये. वर्कशॉपमागेच घर असेल, तर मुलांना त्या दिवशी दूर ठेवावे.

२२/
रंगाची जाण या पेठेला परकी नाही. शाहूपुरीतील कुंभार गल्ली गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथे मूर्तीच्या अंगकांतीची छटा ठरवणे हे वर्षानुवर्षांचे कसब. याच कोल्हापुरात १८९० मध्ये जन्मलेल्या बाबूराव मेस्त्री यांनी रंगभूमीचे पडदे रंगवले, स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला आणि ‘बाबूराव पेंटर’ या नावाने ते अजरामर झाले. आडनाव मेस्त्री, ओळख पेंटर. रंगाचा हात आणि यंत्राचा हात या नगरीत एकाच माणसाचे असू शकत होते.

२३/
तर मग लेथला रंग कोणता? इतिहास तीन मार्ग दाखवतो. यंत्र दुर्मिळ असेल आणि संग्रहासाठी राखायचे असेल, तर तळाच्या कड्याशी जुळणारी मूळ छटा. रोजच्या कामाचे असेल, तर मध्यम उजळ राखाडी किंवा शेवाळी: ६३१ च्या आसपास. फार गडद रंगावर तेलाची गळती आणि तडा दिसत नाही. फार पांढरा चकाकतो आणि दुसऱ्याच दिवशी मळतो. तिसरा मार्ग म्हणजे कारखान्याचा ठरलेला स्वतःचा रंग. परंतु तेथेही पिवळा आणि लाल हे दोन रंग इशाऱ्यासाठी राखून ठेवावेत.

२४/
छटेइतकाच रंगाचा प्रकारही महत्त्वाचा. साधा सिंथेटिक इनॅमल स्वस्त आणि ब्रशने लावायला सोपा. मात्र पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटच्या सततच्या माऱ्याने तो मऊ पडून सुटू लागतो. दोन घटक मिसळून लावायचे इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन अधिक तग धरतात. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत इनॅमल वाळायला वेळ घेतो. आश्विनात पाऊस ओसरतो आणि खंडेनवमी येते. सण आणि रंगकामाचा हंगाम यांचा हा मेळ सोयीचा आहे.

२५/
शेवटी एक छोटी, पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट. गिअर-कव्हरच्या आत तळहाताएवढा जुना रंग न खरवडता तसाच ठेवावा. त्याशेजारी नव्या रंगाचा क्रमांक, कंपनी आणि महिना-वर्ष लिहावे. घासण्यापूर्वी कड्यांचे एक छायाचित्र काढावे. झेंडूची माळ दोन दिवसांत सुकेल, रंग दहा-पंधरा वर्षांत सोलेल. तेव्हा ब्रश हाती घेणाऱ्या पुढच्या माणसाला कव्हर उघडताच कळेल की या लेथने याआधी कोणकोणते रंग पाहिले होते.